लेपीच्या पिल्लांची वाढ आरएनए-डीएनएवरून कशी काढायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

"ताई, आरएनए-डीएनए रेशो ४.२ आलाय, म्हणजे मासा दिवसाला किती वाढतोय?" आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या एका पोराने मला विचारलं. मी म्हटलं, पाणी किती डिग्रीचं होतं? तर म्हणे, ते पण लिहून ठेवायचं होतं का?

हा लेख त्या पोरासाठी आहे आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी, म्हणजे जे झूऑलॉजी नाहीतर बायोटेक करून पुण्यात कुठल्यातरी प्रोजेक्टवर लागलेत, पिपेट नीट धरता येतं पण मासा ताटाबाहेर फारसा बघितलेला नाही, आणि अचानक अंगावर काम पडलंय की चपट्या माशांच्या पिल्लांचा वाढीचा दर काढा. पुण्यात समुद्र नाही, मान्य. पण नमुन्यांची चमक मोजणारे प्लेट रीडर आहेत, उणे ८० चे फ्रीजर आहेत आणि किनारा एका रात्रीच्या प्रवासावर आहे, त्यामुळे काम होतं. फक्त त्या एका रात्रीच्या प्रवासातच बहुतेकांचं वाटोळं होतं, त्याबद्दल पुढे सांगतेच.

आधी मासा ओळखा

चपटे मासे म्हणजे आपल्याकडची लेपी, कुणी लेप म्हणतं कुणी लेपा, जिभेसारखी लांबट. आणि दुसरी भाकस, जाड आणि मोठ्या तोंडाची. परदेशातल्या लेखांत तुम्हाला प्लेस, सोल, फ्लाउंडर ही नावं भेटतील, तीच ही मोठी बिरादरी. अंड्यातून बाहेर येतात तेव्हा ही पिल्लं इतर माशांसारखी सरळ असतात, दोन बाजूंना दोन डोळे. मग काही आठवड्यांत एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो, मासा आडवा होतो आणि तळाला बसतो. लेपीचे दोन्ही डोळे डाव्या बाजूला येतात, प्लेसचे उजव्या. भाकसचं काही खरं नाही, कधी डावीकडे कधी उजवीकडे.

तळाला बसल्यानंतरचे पहिले काही महिने पिल्लं उथळ वाळूत, चिखलात काढतात. या काळात जो हळू वाढतो तो जास्त दिवस लहान राहतो, आणि लहान मासा म्हणजे खेकड्यापासून कोळंबीपर्यंत सगळ्यांचा नाश्ता. म्हणून लोकांना या वयाच्या वाढीत एवढा इंटरेस्ट असतो. युरोपात प्लेसच्या पिल्लांवर तर खूप काम झालंय आणि तिथे असं दिसलंय की उन्हाळा पुढे सरकतो तशी वाढ तापमानाच्या हिशोबाने जेवढी असायला हवी त्यापेक्षा मंदावते. पाणी ऊबदार आहे, तरी पोरं वाढत नाहीयेत. असं काही पकडायचं असेल तर आज-काल-परवाची वाढ सांगणारं माप हातात लागतं.

नुसतं लांबी मोजून का नाही जमत? कारण दर पंधरा दिवसांनी जाळं टाकून सरासरी लांबी काढली तरी मधल्या काळात नवीन पिल्लं आलेली असतात, मोठी खोल पाण्यात निघून गेलेली असतात, आणि तुम्हाला वाटतं वाढ थांबली. कानातल्या खड्यावर, म्हणजे ओटोलिथवर, रोजची वलयं असतात ती उत्तम, पण घासून पॉलिश करून मोजायला डोळे फुटतात आणि अगदी कडेची शेवटची वलयं वाचणं सगळ्यात अवघड. नेमकी तीच आपल्याला हवी असतात.

आरएनए-डीएनए काय सांगतं आणि काय नाही

सदाशिव पेठेतली एखादी खानावळ डोळ्यांसमोर आणा. आज किती ताटं जाणार हे बाहेरून कळत नाही, पण आत डोकावलं आणि पोळ्या लाटायला किती बायका बसल्यात ते मोजलं तर बऱ्यापैकी अंदाज येतो. पेशीचं तसंच आहे. डीएनए हे प्रत्येक पेशीत जवळपास ठरलेल्या मापाचं, म्हणजे खानावळी किती आहेत याचा आकडा. आरएनए, ज्यातला बहुतांश भाग रायबोसोमचा असतो, म्हणजे लाटणाऱ्या बायका, कारण प्रोटीन तिथेच तयार होतं. आरएनए भागिले डीएनए म्हणजे एका खानावळीमागे किती हात कामाला लागलेत. मासा नीट खात असेल तर हात वाढतात, उपाशी राहिला की काही दिवसांत कमी होतात. १९७० मध्ये बुलो यांनी गोल्डन शायनर या गोड्या पाण्यातल्या माशावर हे दाखवलं आणि तेव्हापासून ही पद्धत माशांमध्ये रुळली.

पण थंडीत हात आखडतात ना. तेवढ्याच पोळ्यांना जास्त बायका लागतात. माशातही अगदी हेच होतं, थंड पाण्यात तेवढ्याच वाढीला जास्त आरएनए लागतं, म्हणून १८ डिग्रीतला ४.२ आणि २९ डिग्रीतला ४.२ हे दोन वेगळे आकडे आहेत. त्या पोराला मी पाण्याचं तापमान विचारलं ते यासाठी. रेशो मिळाला म्हणजे वाढ मिळाली असं समजू नका, रेशोपासून वाढीपर्यंत जायला मध्ये एक पूल बांधावा लागतो आणि तो पूल म्हणजे कॅलिब्रेशन, ज्यांची वाढ आपण स्वतः मोजलीय अशा माशांवरून समीकरण काढणं. खरं काम तिथेच आहे, लॅबचा भाग त्यामानाने सोपा.

किनाऱ्यावर

परवानगी आधी. मासा हा पाठीचा कणा असलेला प्राणी आहे, तुमच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीचं पत्र हातात असल्याशिवाय एकही पिल्लू मारू नका. आणि पावसाळ्यात मासेमारी बंदी असते, त्यामुळे जून-जुलैचं प्लॅनिंग करणाऱ्यांनी आत्ताच कॅलेंडर बघा.

पिल्लं मिळवायला रापणीच्या लोकांशी दोस्ती करा. रापण किनाऱ्यावर ओढतात, मासा जिवंत हातात येतो. डोल जाळ्यात पण लेपीची पिल्लं भरपूर येतात, पण ती खोळीत तासन् तास दबून मेलेली असतात, आमच्या कामाला त्यांचा काही उपयोग नाही. ट्रॉलचं पण तेच. आपल्याला जाळ्यात शिरल्यापासून गोठण्यापर्यंतचा वेळ मिनिटांत हवा. पाण्याबाहेर आलेलं, बादलीत तडफडणारं पिल्लू दोन तास ठेवून मग बघू असं केलंत तर आधीच चूक झाली.

मी असं करते: पाण्याचं तापमान आणि खारटपणा आधी वहीत लिहायचा, तळाजवळचं तापमान, वरचं नाही, कारण मासा तळाला आहे. भरती का ओहोटी आणि घड्याळातली वेळ. मग पिल्लू लवंग तेलाच्या पाण्यात शांत करायचं, टिश्यूने हलकं टिपायचं, लांबी मिलीमीटरमध्ये, वजन मिलीग्रॅमपर्यंत, नंबर टाकलेल्या ट्यूबमध्ये घालून थेट लिक्विड नायट्रोजन नाहीतर ड्राय आइस. मासा अख्खा गोठवला तरी चालतो जर तो बोटभर असेल तर. मोठा असेल तर तिथेच स्नायूचा तुकडा काढून गोठवा, कारण मोठा मासा आतपर्यंत गोठायला वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात आरएनए तुटायला लागतं. आरएनए तोडणारी एन्झाइम, आरनेज, सगळीकडे असतात, माशाच्या आतड्यात, तुमच्या बोटांवर, घामात. ग्लोव्ह्ज घालायचे आणि त्याच ग्लोव्ह्जने मोबाइल उचलायचा नाही. सगळे उचलतात.

ट्यूबवर मार्करने लिहिलेलं ड्राय आइसमध्ये पुसलं जातं. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत टाका.

घाट

आता माझी स्वतःची कथा. पहिल्या वर्षी मी दापोलीकडून चाळीसेक पिल्लं घेऊन गाडीने निघाले, थर्माकोलचा डबा, आत ड्राय आइस, दुपारी निघालो म्हणजे रात्री पुण्यात असा हिशोब. ताम्हिणीत पुढे दरड आली होती, सात तास एकाच जागी. डबा उघडून बघायचा मोह होतो आणि मी तीनदा उघडला. पहाटे पोचलो तेव्हा ड्राय आइस संपलेला, ट्यूबा गार होत्या पण मासे मऊ. मी गप्प राहून फ्रीजरमध्ये ठेवून दिले. दोन आठवड्यांनी रेशो काढले, सगळे दीडच्या आसपास, आणि मी रिपोर्टमध्ये लिहिलं की त्या खाडीतली पिल्लं उपाशी आहेत. सरांनी वाचलं आणि एकच विचारलं, "पोट उघडून बघितलंस का गं?" बघितलं. पोटं किड्यांनी गच्च भरलेली. मग आरएनए जेलवर चालवला, जिथे रायबोसोमच्या आरएनएचे २८एस आणि १८एस असे दोन स्वच्छ पट्टे दिसायला हवेत तिथे नुसता धुरकट फराटा. मासे उपाशी नव्हते, माझं आरएनए मेलेलं होतं.

त्यामुळे: ड्राय आइस हिशोबाच्या दुप्पट घ्या. साध्या थर्माकोल डब्यात दिवसाला दोन-चार किलो सहज उडून जातो, आणि तो उडतो तो कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणून डबा हवाबंद करायचा नाही आणि बंद काचांच्या गाडीत पायाशी ठेवून झोपायचं नाही. शक्य असेल तर लिक्विड नायट्रोजनचा ड्युअर, म्हणजे थर्मासासारखं भांडं, न्या. ते पण नसेल तर आरएनए टिकवणारं द्रावण मिळतं, त्यात छोटे तुकडे बुडवून आणता येतात, मात्र मग सगळे नमुने त्यातच हवेत, अर्धे गोठवलेले अर्धे द्रावणातले अशी भेसळ नको, कारण त्या द्रावणातलं मीठ पुढे फ्लुरोसन्समध्ये, म्हणजे रंगाची चमक मोजताना, लुडबुड करू शकतं. आणि दर खेपेला दोन-तीन जादाचे मासे फक्त जेलवर चालवायला ठेवा. पट्टे स्वच्छ आले तरच बाकीच्यांना हात लावायचा.

सराव करायला गणेश पेठ

खऱ्या नमुन्यांवर शिकू नका. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून लेपी आणा आणि तिच्यावर हात साफ करा. मी गेले तेव्हा मावशी म्हणाल्या, "ताजी आहे ताई, सकाळीच आलीय." त्यांच्या हिशोबाने ताजीच होती, तळून खायला अगदी उत्तम, मी खाल्ली पण. पण बर्फात दोन दिवस काढलेल्या माशाचं आरएनए आपल्या हिशोबाने शिळंच. तो रेशो कशालाच वापरायचा नाही, फक्त तुकडा कापणं, वजन करणं, पिपेटिंग आणि एकाच माशाचे पाच तुकडे घेतले तर पाचांचा आकडा जवळपास येतो का हे बघायचं. माझा पहिल्यांदा दुप्पट-तिप्पट फरक यायचा. कारण कळायला आठवडा गेला, मी कधी पाठीकडचा पांढरा स्नायू घेत होते कधी पंखाजवळचा, आणि कधी कातडी चिकटलेली राहायची. आता नियम एकच: डोळ्यांच्या बाजूचा, डोक्यामागचा, मणक्याच्या वरचा पांढरा स्नायू, कातडी पूर्ण काढून, कारण कातडीतलं काळं रंगद्रव्य प्रकाश खातं. आणि हे सगळं बर्फावर ठेवलेल्या काचेवर, तुकडा वितळायच्या आत.

लॅबमध्ये

पद्धती बऱ्याच आहेत. मी सांगते ती एक रंग, दोन एन्झाइमवाली, कारण तिला एक प्लेट रीडर पुरतो. रंग म्हणजे इथिडियम ब्रोमाइड, तो आरएनए आणि डीएनए दोघांनाही चिकटतो आणि चिकटला की जास्त चमकतो. साधारण ५२० नॅनोमीटरने उत्तेजित करायचं आणि ६०० च्या आसपास वाचायचं. याने डीएनएत बदल घडू शकतात म्हणून नायट्राइल ग्लोव्ह्ज आणि कचरा वेगळ्या डब्यात, सिंकमध्ये नाही.

पंधरा-वीस मिलीग्रॅम स्नायू, ट्रिस-ईडीटीए बफरमध्ये एक टक्का सार्कोसिन, त्यात कुटून तासभर हलवत ठेवायचं. सार्कोसिन पेशी फोडतं आणि आरनेजला गप्प बसवतं. मग ट्रिस बफर घालून दहापट पातळ करायचं, कारण जास्त सार्कोसिन राहिलं तर पुढे जे आरनेज आपण मुद्दाम घालणार तेच चालणार नाही. सेंट्रिफ्यूज करा, वरचं निवळ प्लेटमध्ये, रंग घाला, थोडं थांबा, वाचा. हे पहिलं वाचन, दोघांची मिळून चमक. आता आरनेज ए घाला, अर्धा तास, पुन्हा वाचा. जेवढी चमक गेली ती आरएनएची. राहिलेली डीएनएची, अधिक थोडा कचरा. तो कचरा किती हे बघायला शेवटी डीएनेज घालून तिसरं वाचन घेतात. इथे नवीन माणूस हमखास अडकतो: डीएनेजला मॅग्नेशियम लागतं आणि तुमच्या बफरमधलं ईडीटीए ते ओढून घेतं, मग चमक जात नाही आणि तुम्ही एन्झाइम खराब निघालं म्हणून कंपनीला शिव्या घालता. मॅग्नेशियम जादा घाला.

प्रत्येक प्लेटवर स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने, हवेतच. कालच्या प्लेटचे आजच्याला चालत नाहीत. डीएनएचे आणि आरएनएचे वेगवेगळे, पाच-सहा पातळ्या. आणि बाटलीवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, २६० नॅनोमीटरला स्वतः मोजा. एक युनिट शोषण म्हणजे दुहेरी पेडाचं डीएनए ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, आरएनए ४०. शिवाय एक मोठा मासा कुटून त्याच्या शंभरेक छोट्या ट्यूबा उणे ८० ला ठेवून द्या आणि प्रत्येक प्लेटला त्यातली एक चालवा. त्या ट्यूबचा आकडा ज्या दिवशी भरकटेल त्या दिवसाची अख्खी प्लेट पुन्हा करायची. जिवावर येतं, पण करायची.

आकडेमोड

एक नमुना सोडवून दाखवते, आकडे समजायला सोपे म्हणून मीच घेतलेत. ब्लँक, म्हणजे मासा न घातलेल्या बफरचं वाचन, वजा करून पहिलं वाचन ४१००. आरनेजनंतर १३००. डीएनेजनंतर १००. म्हणजे आरएनएची चमक २८००, डीएनएची १२००. तुमच्या स्टँडर्डवरून आरएनएचा उतार १००० प्रति मायक्रोग्रॅम निघाला आणि डीएनएचा २४००. तर आरएनए २.८, डीएनए ०.५, रेशो ५.६.

आता समजा शेजारच्या लॅबने हाच मासा मोजला, पण त्यांचं डीएनए स्टँडर्ड दुसऱ्या ठिकाणचं, त्यांचा उतार आला ३०००. त्यांच्याकडे डीएनए ०.४ आणि रेशो ७. मासा तोच! म्हणून दोन लॅबचे आकडे सरळ शेजारी ठेवायचे नाहीत. दोन उतारांचं गुणोत्तर काढायचं, तुमचं २.४, त्यांचं ३, आणि त्यांचा रेशो २.४ ने गुणून ३ ने भागायचा, आला की ५.६. या कामातल्या मोठ्या लॅबनी एकमेकांचे नमुने मोजून २.४ हाच आकडा सगळ्यांसाठी आधार म्हणून धरलाय, तेव्हा पेपरमध्ये रेशो असा एकसारखा करून द्या आणि स्वतःचं गुणोत्तरही लिहा. जे लिहीत नाहीत त्यांच्या आकड्यांशी तुलना करायला जाऊ नका, वेळ जातो.

पूल बांधणे

इथे शॉर्टकट मारायची फार इच्छा होते, कारण तयार समीकरण मिळतं. १९८४ मध्ये बकली यांनी आठ जातींच्या माशांच्या अळ्यांवरून, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांवरून, काढलेलं: रोजची प्रोटीन-वाढ टक्क्यांत = ०.९३ गुणिले तापमान, अधिक ४.७५ गुणिले रेशो, वजा १८.१८. गाजलेलं समीकरण आहे आणि ज्यासाठी केलं त्यासाठी चांगलं आहे. १० डिग्री आणि रेशो ४ घाला, रोज दहा टक्के येतं, छोट्या अळीला शोभतं. आता आपली लेपी घ्या, पाणी २८ डिग्री, रेशो तोच ४. किती आलं? जवळपास २७ टक्के. म्हणजे तीन दिवसांत पिल्लू दुप्पट! बोटभर लेपी अशी वाढली असती तर गणेश पेठेतल्या मावशींनी गाळे विकत घेतले असते. थंड-समशीतोष्ण पाण्यातल्या अळ्यांचं समीकरण कोकणातल्या, तळाला बसलेल्या पिल्लांना लावलं की असं होतं. स्वतःच्या जातीचं, स्वतःच्या वयाचं, स्वतःच्या तापमानाचं समीकरण काढायला दुसरा उपाय नाही.

ते असं. टाक्या किनाऱ्यावरच्या एखाद्या केंद्रात मागा, पुण्यात मीठ कालवून समुद्र बनवता येतो पण पाणी बदलता बदलता कंबर आणि बजेट दोन्ही मोडतं. तीन तापमानं, समजा २४, २७, ३०. प्रत्येकात तीन प्रकारचं जेवण: पोटभर, अर्धं, आणि काहीच नाही. नऊ गट झाले, गटाला आठ पिल्लं धरली तर बहात्तर. शक्यतो सगळी जवळपासच्या आकाराची, पण काही मुद्दाम लहानमोठी ठेवा, कारण मोठं पिल्लू मुळातच हळू वाढतं आणि त्याचा रेशोही कमी असतो, आकाराचा हा परिणाम समीकरणात घ्यावा लागतो.

पिल्लू कोणतं कोणाचं हे ओळखता आलं पाहिजे, गटाची सरासरी पुरत नाही. एकतर कातडीखाली रंगाची खूण करा नाहीतर सरळ एका जाळीच्या टोपलीत एकच पिल्लू. टोपलीत पातळ थर वाळू द्या, वाळू नसली की लेपी अस्वस्थ होते आणि खात नाही, आणि मग तुमचा पोटभर गटही उपाशी. बारीक चिरलेले किडे संध्याकाळी द्या, आमच्याकडच्या अंधार पडल्यावरच खायच्या. सकाळी उरलेलं काढून घ्या. पहिला आठवडा नुसता रुळायला द्यायचा, त्यात काही मोजायचं नाही.

मग वजन पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी. दर सूत्राने: शेवटच्या वजनाच्या नैसर्गिक लॉगमधून सुरुवातीच्या वजनाचा लॉग वजा, भागिले दिवस, गुणिले १००. उदाहरणार्थ १.२० ग्रॅमचं पिल्लू १५ दिवसांत १.६२ झालं, तर दिवसाला दोन टक्के. शेवटच्या वजनानंतर लगेच गोठवायचं आणि रेशोशी जोडताना शेवटच्या आठवड्याचा दर वापरायचा, कारण अळ्यांचा रेशो एक-दोन दिवसांत हलतो पण पिल्लांच्या स्नायूला काही दिवस ते आठवडा लागतो. पंधरा दिवसांपूर्वीची भूक त्यात दिसत नाही. वजन नेहमी एकाच वेळी करा, पोट भरलेलं असताना आणि रिकामं असताना एवढ्याशा माशाच्या वजनात चांगलाच फरक पडतो.

आता दर एका बाजूला आणि तापमान, रेशो, वजनाचा लॉग दुसऱ्या बाजूला ठेवून रिग्रेशन. आर सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीचं काम आहे. तापमान आणि रेशो यांचा गुणाकार पण घालून बघा, कधी कधी थंडीत उतारच वेगळा निघतो. नुसतं आरएनए प्रति ग्रॅम घालूनही एकदा बघा, पिल्लांच्या स्नायूत ते कधी कधी रेशोएवढंच चांगलं काम करतं आणि डीएनए मोजायची चूक टळते. आणि दहा-बारा पिल्लं आधीच बाजूला काढून ठेवा, समीकरण झालं की त्यांची वाढ त्यावरून सांगा आणि खऱ्याशी ताडून बघा. मी पहिल्यांदा ताडलं तेव्हा गटाची सरासरी सुंदर जुळली आणि एकेका माशाचा अंदाज मात्र एक-दीड टक्का इकडेतिकडे. हे असंच असतं. या पद्धतीने "ही खाडी त्या खाडीपेक्षा बरी" हे सांगता येतं, "हा मासा दिवसाला २.३ टक्के वाढतोय" हे छातीठोक सांगता येत नाही.

समुद्रातल्या माशांना लावताना

समीकरण २४ ते ३० मध्ये बांधलंय तर २१ डिग्रीच्या जानेवारीतल्या खाडीला लावू नका. १ ते ३ ग्रॅमवर बांधलंय तर १० ग्रॅमच्या माशाला लावू नका. सगळे नमुने दिवसाच्या एकाच वेळी आणि भरतीच्या एकाच टप्प्यावर घ्या. उपाशी गटाचा रेशो किती होता ते लक्षात ठेवा, समुद्रातला मासा त्याच्या खाली आला तर आधी जेल बघा, मग पोट बघा, आणि त्यानंतरच उपासमारीची गोष्ट लिहा.

सोबतीला स्वस्त मापं पण ठेवा. वजन भागिले लांबीचा घन, हा जाडेपणाचा आकडा फुकट मिळतो, पण तो आठवड्यांनी हलतो. यकृतातली चरबी साठा सांगते. काही लोक स्नायूतल्या एन्झाइमची क्रिया मोजतात, सिट्रेट सिंथेज वगैरे, काही आयजीएफ-१ हे हार्मोन. ती सगळी आपापल्या जागी ठीक आहेत, पण प्रत्येकाला वेगळं कॅलिब्रेशन लागतं, तेव्हा नवीन असाल तर एकच नीट करा. त्याच माशांचे ओटोलिथ मात्र काढून एका छोट्या कुपीत टाकून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि परीक्षकाने शंका काढली तर तेवढेच हाताशी असतात.

आणि वहीत तापमानाचा कॉलम मासे मोजायच्या आधी आखा. आमचं ते पोरगं आता थर्मामीटर गळ्यात दोरीने अडकवूनच पाण्यात उतरतं.